वजनाचा काटा महिनाभर हलत नाही? ताटाला हात लावण्याआधी हे क्रमाने तपासा

कोथरूड-कर्वेनगर भागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना एक तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा येते की तिची तपासणी कुठून सुरू करायची याचा क्रम आता ठरून गेला आहे. तोच इथे लिहिते आहे. सगळ्यात सोपं आणि फुकटचं आधी, खर्चाचं आणि कटकटीचं शेवटी.

लक्षणं

- पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत दीड-दोन किलो उतरलं, आणि मग काटा तिथेच बसला.
- सोमवारी वजन केलं तर वाढलेलं, गुरुवारी केलं तर कमी. नक्की खरं काय, कळत नाही.
- कपडे सैल होताहेत, ओळखीचे लोक विचारताहेत, पण आकडा मात्र तोच.
- सकाळचा आकडा बघितला की दिवसभराचा मूड त्यावर ठरतो. वाढला तर दुपारचं जेवण टाळलं जातं, आणि संध्याकाळी भुकेच्या भरात फरसाणाचा डबा रिकामा होतो.
- "एवढं करून काही होत नाही, मग कशाला करायचं" असं मनात यायला लागलंय.

यातल्या दोन-तीन गोष्टी जुळत असतील तर पुढे वाचा. अशा लोकांपैकी बऱ्याच जणांचं वजन थांबलेलं नसतंच. मोजण्यात घोळ असतो, किंवा सगळा भरवसा एकाच आकड्यावर टाकलेला असतो. खरं नुकसान होतं ते त्या आकड्याला घाबरून केलेल्या गोष्टींनी: रात्रीचं जेवण बंद, पोळी-भात बंद, आठवड्याभराने सगळाच उत्साह बंद. म्हणून आधी मोजमाप तपासायचं, ताट नंतर.

काटा आणि त्याखालची फरशी

पायपुसण्यावर, सतरंजीवर किंवा गालिच्यावर ठेवलेला वजनकाटा चुकीचं दाखवतो, कारण त्याच्या पायांत बसवलेल्या सेन्सरवर भार नीट येत नाही. जुन्या इमारतींमधल्या शहाबादी फरशीच्या सांध्यावर काट्याचा एक पाय आला तरी तो डुगडुगतो. एका सपाट फरशीच्या मधोमध काटा ठेवा, जागा ठरवून टाका आणि रोज तिथेच वजन करा. लागोपाठ तीनदा उभे राहा. आकड्यांत दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडत असेल तर बॅटरी बदला.

मग पिठाचं पाच किलोचं न फोडलेलं पाकीट घ्या. आधी एकट्याने उभे राहा, मग पाकीट हातात धरून. फरक पाचच्या आसपास आला तर काटा ठीक आहे. काटा नेहमीच अर्धा किलो जास्त दाखवत असेल तरी चालतो, आपल्याला आधीच्या आणि आताच्या वजनातला फरकच बघायचा असतो. पण घरचा काटा, जिमचा काटा आणि औषधांच्या दुकानाबाहेरचा काटा यांचे आकडे एकाच वहीत लिहू नका. संध्याकाळी, बूट घालून, जेवल्यावर केलेल्या वजनाची सकाळच्या वजनाशी तुलना होत नाही.

स्मार्ट काट्यावर दिसणारी चरबीची टक्केवारी रोज बघू नका. तो काटा तळपायांतून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडून अंदाज बांधतो, आणि शरीरात पाणी किती आहे यावर तो अंदाज बदलतो. घाम गाळून आल्यावर एक आकडा, पाणी प्यायल्यावर दुसरा.

वेळ आणि सरासरी

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत. एवढं पाळलं तरी आकडा खाली-वर होणारच. दिवसाला एखाद-दीड किलोचा चढउतार निरोगी माणसातही असतो. म्हणून एक दिवस दुसऱ्या दिवसाशी लावायचा नाही, आठवड्याची सरासरी पुढच्या आठवड्याच्या सरासरीशी लावायची.

माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंच्या वहीतली दोन आठवड्यांची पानं त्यांच्या परवानगीने देते. पहिला आठवडा, सोमवार ते रविवार: ७२.४, ७३.१, ७२.८, ७२.०, ७२.६, ७२.९, ७३.२. दुसरा आठवडा: ७३.६, ७२.७, ७२.१, ७१.९, ७२.०, ७१.८, ७२.६.

त्या फक्त सोमवारी वजन करत असत्या तर एका आठवड्यात १.२ किलो वाढलं असं दिसलं असतं. आदल्या दिवशी भाचीचं डोहाळजेवण होतं, त्यामुळे अपराधीपणही वाटलं असतं. पण पहिल्या आठवड्याची सरासरी ७२.७ आहे आणि दुसऱ्याची ७२.४. वजन कमी होतंय, आणि व्यवस्थित गतीने होतंय. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी. एका डोहाळजेवणाने १.२ किलो चरबी चढायची तर नेहमीच्या खाण्याच्या वर नऊ हजार किलोकॅलरी पोटात जायला हव्यात. तेवढं कोणी जेवत नाही. काट्यावर दिसलं ते अळूची भाजी, मसालेभात, पापड, लोणचं, जिलबी आणि त्यातल्या मीठ-साखरेने धरून ठेवलेलं पाणी. बुधवारपर्यंत ते ओसरलंही.

रोज काट्यावर उभं राहिलं की जीव कासावीस होत असेल तर आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी वजन करा आणि चार आठवड्यांचे चार आकडे एकत्र बघा. ज्यांना तेही झेपत नाही त्यांना मी काही महिने काटा कपाटावर ठेवायला सांगते. त्यांचं काम पुढच्या मोजमापांवर छान चालतं.

पाणी कुठून आलं

सरासरीही दोन आठवडे हलली नसेल तर पाण्याचा हिशोब बघा. यात पैसे लागत नाहीत, फक्त आठवायला लागतं.

शरीर पिष्टमय पदार्थांतली साखर ग्लायकोजेन म्हणून यकृतात आणि स्नायूंत साठवतं. हा साठा चारशे-पाचशे ग्रॅमचा असतो आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहतं. भात-पोळी एकदम कमी केली की साठा उतरतो, पाणी जातं आणि पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो खाली दिसतो. ती चरबी नव्हती. म्हणून त्यानंतर गती मंदावली की "डाएट लागू पडेना" असा निष्कर्ष काढू नका. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास ही चांगली गती आहे.

व्यायाम नव्याने सुरू केला, पहिल्यांदा वजनं उचलली किंवा बऱ्याच दिवसांनी सिंहगड चढलात, तर दुखऱ्या स्नायूंमध्ये काही दिवस पाणी साचतं. बायकांमध्ये पाळीच्या आधीच्या आठवड्यात किलो-दोन किलो वाढ सहज दिसते, म्हणून पाळीनंतरच्या आठवड्याची तुलना मागच्या पाळीनंतरच्याच आठवड्याशी करायची. बद्धकोष्ठता, लांबचा बसप्रवास, रविवारची तर्रीदार मिसळ, हे सगळं काट्यावर उमटतं. चार आठवडे पूर्ण झाल्याशिवाय वजन थांबलं असं मी म्हणत नाही.

टेप

आता खर्च: शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात मिळणारी इंच-टेप. घरातली जुनी कापडी टेप ताणली जाते, ती नको. न ताणणारी घ्या.

माझ्या मते हे मोजमाप काट्यापेक्षा महत्त्वाचं आहे, आणि त्याचं कारण पुण्यातच सापडतं. केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापून एक गोष्ट दाखवली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्याने आणि उंचीने दोघांना एकाच रांगेत बसवलं होतं, शरीरं मात्र वेगळी होती. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट पुढे, अशी ठेवण घरोघरी दिसते. मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका या पोटाच्या चरबीशी जोडलेला आहे, म्हणून ती उतरते आहे की नाही हे बघणारं मोजमाप हाताशी हवंच.

मोजायचं असं: सरळ उभे राहा. सगळ्यात खालची बरगडी बोटांनी चाचपा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ. दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवी गुंडाळा. पंजाबी ड्रेसची नाडी किंवा पँटचा पट्टा जिथे बसतो ती जागा बहुतेकांची खाली असते, तिथे मोजू नका. आरशात बघा, पाठीमागे टेप खाली घसरलेली नको. श्वास नेहमीसारखा सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही. दोनदा मोजा, सरासरी लिहा. दोन आठवड्यांतून एकदा पुरे.

भारतीयांसाठी धोक्याची रेषा पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर धरतात. आणखी सोपी खूण म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. १५६ सेंटिमीटर उंचीच्या बाईला ७८. पण रेषेपासून लांब असाल तर रेषेकडे बघू नका, मागच्या महिन्याच्या आकड्याकडे बघा. काटा जागेवर आणि कंबर दोन सेंटिमीटर कमी, असं झालं तर चरबी उतरते आहे आणि स्नायू टिकताहेत किंवा वाढताहेत. स्नायू चरबीपेक्षा घट्ट असतो, तेवढ्याच वजनाला कमी जागा व्यापतो. अशा वेळी खाणं आणखी कमी करायचं नाही.

कपड्यांवर लक्ष ठेवायचं तर ताणणारं कापड नको. लेगिंग आणि स्ट्रेच जीन्स काहीच सांगत नाहीत. शिवलेला ब्लाउज मात्र खरं बोलतो: कोणत्या हुकपर्यंत लागतो, बाहीत बोट जातं का, टेलरकडे शिलाई घालायला द्यावा लागतो का. पुरुषांना पट्ट्याचं भोक पुरतं.

दम आणि ताकद

इथेच लोकांचा धीर परत येतो असं मी वारंवार बघते, कारण ही मोजमापं काट्याच्या आधी हलतात.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या हे पुणेकरांना मिळालेलं उत्तम मोजमाप आहे. महिन्यातून एकदा, सकाळी, तुमच्या नेहमीच्या गतीने चढा. लिहायच्या गोष्टी तीन: किती वेळ लागला, कितीदा थांबावं लागलं, आणि वर पोचल्यावर एक मिनिट उभं राहून नाडीचे ठोके किती. चढताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतं का, हेही बघा. पहिल्या महिन्यात मध्ये टेकणारी माणसं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात न थांबता वर जातात. त्या वेळी त्यांच्या वजनात जेमतेम दोन-तीन किलोंचा फरक असतो. तळजाई, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, जे जवळ असेल ते चालेल. चढ तोच ठेवा.

गुडघे दुखत असतील तर पायऱ्या नकोत. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्या, हात छातीवर घडी घाला आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या स्त्रियांना किमान १२ आणि पुरुषांना किमान १४ वेळा जमायला हवं. माझ्याकडच्या आजी हा आकडा नातवंडांना फोन करून सांगतात.

सकाळी अंथरुणात असतानाच नाडी मोजण्याची सवय लावा. काही महिने नियमित चाललात की विश्रांतीचे ठोके हळूहळू कमी होतात.

नोंद कुठे आणि कोणाला सांगायची

ॲप चालेल, पण टिकतं ते भिंतीवरचं कॅलेंडर. कालनिर्णयावर दुधाचा खाडा जिथे लिहिता, त्याच चौकोनात तीन खुणा करा: चाललो, प्रत्येक जेवणात डाळ-उसळ-दही-अंडं यांपैकी काहीतरी होतं, सात तास झोपलो. या तिन्ही गोष्टी तुमच्या हातात आहेत. उद्या सकाळी काटा काय म्हणेल हे तुमच्या हातात नाही. महिन्याच्या शेवटी चौकोन भरलेले असतील आणि काटा हलला नसेल, तर पुढच्या तपासणीला अर्थ आहे. चौकोनच रिकामे असतील तर उत्तर तिथेच मिळालं.

घरचे, सोसायटीतले "किती उतरलं?" विचारणार. वजन सांगू नका. "पर्वती न थांबता चढते" असं सांगा. वजनाच्या आकड्यावर प्रत्येकाचं काही ना काही मत असतं, पर्वतीवर कोणी वाद घालत नाही.

स्वयंपाकघर

महिनाभर सरासरी, कंबर, दम, तिन्ही जागेवर असतील तर आता खाण्याकडे वळायचं. उपाशी राहण्याआधी वाण्याची यादी काढा. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल येत असेल तर माणशी दिवसाला ३३ मिलिलिटर, म्हणजे सुमारे २७० किलोकॅलरी फोडणीत आणि तळणात जाते. माणशी अर्धा लिटरवर आलात तर ताटातला एकही पदार्थ न काढता निम्मी वाचते. तेलाचा कॅन आला की महिन्याचं तेल वेगळ्या बरणीत काढून ठेवा, तेवढ्यातच भागवा.

मग चहा. दोन चमचे साखरेचा कप दिवसातून पाचदा म्हणजे साखरेच्याच सुमारे दोनशे किलोकॅलरी. उपवास हा तिसरा. चतुर्थी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार धरले तर महिन्यातले बरेच दिवस साबुदाणा, दाण्याचं कूट, तूप आणि बटाटा यांवर जातात. उपवास सोडा असं मी कोणालाही सांगत नाही. भगर, ताक, फळं, राजगिरा यांवर तो छान होतो, कूट मुठीने न टाकता चमच्याने टाकावं एवढंच.

सिंहगडाबद्दल वेगळं सांगते. आतकरवाडीकडून चढ सुमारे सहाशे मीटरचा आहे, आणि सत्तर किलोच्या माणसाची त्यात साधारण चारशे-पाचशे किलोकॅलरी खर्च होते. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही घेतलं की हिशोब बरोबरीत सुटतो. जा जरूर, हृदयाला आणि पायांना त्याचा मोठा फायदा आहे. पण "गड चढलो म्हणून चालेल" हे समीकरण वजनाच्या बाबतीत जमत नाही, आणि घड्याळ दाखवतं त्या कॅलरीही पुष्कळदा फुगलेल्या असतात.

सात दिवस तोंडात गेलेलं सगळं लिहून काढा, मुलांच्या ताटातलं उरलेलंही. बहुतेकांना गळती इथे सापडते. न सापडल्यास झोप बघा. हिंजवडीहून रात्री दहाला घरी येऊन साडेअकराला जेवणारा आणि पाच तास झोपणारा माणूस दुसऱ्या दिवशी जास्त भुकेला असतो, यात त्याच्या निर्धाराचा दोष नाही. आणि वजन आठ-दहा किलो उतरलेलं असेल तर लहान झालेल्या शरीराला इंधनही कमी लागतं. जुनंच ताट आता वजन टिकवणारं ताट झालेलं असतं. अशा वेळी काही आठवडे वजन नुसतं टिकवणं हाही माझ्या लेखी चांगला निकाल आहे. सुरुवातीच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के, म्हणजे ८० किलोच्या माणसाचे चार ते आठ किलो उतरले, तरी साखर आणि रक्तदाब सुधारायला लागतात.

रक्त तपासणी

खर्चाचा टप्पा, म्हणून शेवटी. डॉक्टरांना विचारून टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीएवनसी (साखरेसाठी), लिपिड (कोलेस्टेरॉलसाठी) आणि रक्तदाब एवढं पुरेसं असतं. एचबीएवनसी रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, म्हणून ती दर महिन्याला करून उपयोग नाही. सहा महिन्यांत ती खाली आली असेल तर काटा काहीही म्हणो, तुमचं काम झालेलं आहे. स्टिरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, नैराश्यावरची आणि फिट्सवरची काही औषधं वजन वाढवू शकतात. ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा.

इथे थांबा, डॉक्टर गाठा

दोन-तीन दिवसांत दोन किलो किंवा त्याहून जास्त वाढ, सोबत पायावर सूज किंवा आडवं पडल्यावर धाप: हे हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असू शकतं, त्याच दिवशी दाखवा. चढताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घेरी आली तर जिथे आहात तिथे बसा आणि १०८ ला फोन करा.

काहीही न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरणं आनंदाचं नाही, तपासून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना खाणं कमी केलं आणि थरथर, घाम, गोंधळल्यासारखं होऊ लागलं, तर लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्या आणि औषधाचा डोस बदलून घ्यायला डॉक्टरांकडे जा. तीन महिने पाळी आली नाही, अंगावर लव वाढली, मान काळवंडली, घोरणं वाढून दिवसा डुलक्या येऊ लागल्या, तर हा विषय वहीचा राहिलेला नाही.

आणि दिवसातून अनेकदा वजन करणं, जेवल्यावर उलटी काढणं, जुलाबाची औषधं घेणं, खाल्ल्याची शिक्षा म्हणून व्यायाम करणं. यातलं काहीही चालू असेल, विशेषतः घरातल्या शाळा-कॉलेजच्या मुला-मुलींमध्ये दिसलं, तर काटा आणि टेप दोन्ही बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. वेळ मिळेपर्यंत सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

डॉक्टरांकडे जाताना कॅलेंडरची दोन पानं, कंबरेचे आकडे, सात दिवसांची खाण्याची नोंद आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत टाकून न्या, आयुर्वेदिक आणि ऑनलाइन मागवलेल्या पावडरीसुद्धा.